पॅड जिथे आहे तिथेच धरा

पत्र :

नमस्कार,

माझा थोरला भाऊ हेवीवेट गटातला चॅम्पियन होता. आज तो ४४ वर्षांचा आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने ग्लोव्हज खुंटीला टांगले तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. दोन महिन्यांपूर्वी एक प्रमोटर घरी येऊन गेला. समोर २६ वर्षांचा मुलगा, लढत दहा फेऱ्यांची. पैशांची तशी अडचण नाही, पण दादा म्हणतो, 'घर खायला उठतं मला.' त्याने सराव सुरू केलाय, १४ किलो उतरवलेत आणि आरशात बघून खूश असतो.

मी सोळा वर्षं सरावात त्याचे ठोसे झेलायला पॅड धरतोय. खरं सांगायचं तर हल्ली प्रत्येक ठोशाला मी पॅड चार बोटं पुढे नेतो. आवाज खणखणीत येतो आणि त्याचा चेहरा खुलतो. पण परवा स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, एका नवख्या पोराचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याला सलग तीनदा लागला. त्याच रात्री जेवताना त्याने एकच किस्सा तासाभरात दोनदा सांगितला. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, 'भाऊजी, तुमचं ऐकतील ते. तुम्हीच सांगा.'

लढतीत दोन फेऱ्यांमध्ये सांभाळायला, म्हणजे कॉर्नरला, दादाला मीच हवाय. नाही म्हटलं तर तिथे कुणीतरी भाड्याचा माणूस उभा राहील. हो म्हटलं तर मीच त्याला हाताला धरून रिंगमध्ये नेल्यासारखं होईल. त्याचं म्हणणं एकच : अमेरिकेचा जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी चॅम्पियन झाला, मग मी का नाही? मी काय करू?

– दादाचा धाकटा

उत्तर :

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चार बोटांपाशीच अडले. ते वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला तुमची सगळी अडचण तिथेच दिसते. म्हणून पहिल्यांदा तेवढंच सांगते. उद्यापासून पॅड पुढे नेणं बंद करा. दादांशी बोलायच्या आधी, डॉक्टर गाठायच्या आधी, कॉर्नरचं ठरवायच्या आधी.

पॅड पुढे नेला की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. ठोसा वाटेतच गाठला जातो, चामडं फाडकन वाजतं आणि मारणाऱ्याला वाटतं, आपला हात पूर्वीसारखाच सुटला. कमी पडलेला वेग तुमच्या मनगटाने भरून काढलेला असतो. लढतीच्या आदल्या आठवड्यात खेळाडूचा हुरूप वाढावा म्हणून पॅड धरणारे हे करतात, आणि त्यात काही गैरही नाही. पण तुमचे दादा सध्या हुरूप शोधत नाहीयेत. 'माझ्यात अजून आहे का?' असं ते रोज सकाळी त्या दोन पॅडना विचारतायत, आणि पॅड रोज 'आहे, आहे' म्हणतायत. बाकी कुणाचं ते ऐकणार नाहीत. सोळा वर्षं ज्या हातांवर भरवसा ठेवला तेच हात होकार देत असतील, तर वहिनींचं बोलणं त्यांना भित्रेपणाच वाटणार.

तुम्ही हे प्रेमापोटी केलंत, याबद्दल मला तिळभर शंका नाही. मीही केलंय. माझे वडील सत्तरी ओलांडल्यावरही गाडी चालवायचे. मी शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचे, आणि घरी पोचलो की म्हणायचे, 'बाबा, मस्त आणलीत हो गाडी.' एके दिवशी त्यांनी फाटकाच्या खांबाला बाजू घासली आणि माझ्याकडे बघून विचारलं, 'तुला आधीच दिसत होतं ना?' त्या प्रश्नाला मी आजही उत्तर देऊ शकलेले नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लांबलचक लिहितेय.

आता त्या तीन जॅबबद्दल. पहिला जॅब कुणालाही लागतो. दुसरा लागला म्हणजे अंतराचा अंदाज चुकला, तेही एखाद्या दिवशी होतं. तिसरा लागला याचा अर्थ दोन ठोसे खाऊनही डोकं होतं तिथेच राहिलं. ठोसा येताना त्यांना दिसला नसेल असं मला वाटत नाही. दिसला असेल, मान हलायची आज्ञाही सुटली असेल, फक्त ती पोचेपर्यंत ग्लोव्ह नाकावर आलेला होता. बॉक्सिंगमध्ये सगळे जाणते म्हणतात की माणसाचा जोर सगळ्यात शेवटी जातो. आधी पाय जड होतात, मग हे मान हलवणं, ठोसा मारून हात परत हनुवटीशी आणणं, फेरी संपल्यावर मिनिटभरात दम परत मिळवणं. म्हणून उतारवयातला हेवीवेट बॅगवर आणि पॅडवर जबरदस्त दिसतो. बॅग उलटून मारत नाही. जोर शाबूत असतो आणि तोच माणसाला फसवतो.

मग फोरमनचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण दादांच्या मनात तोच ठाण मांडून बसलाय. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. वीस वर्षांपूर्वी मुहम्मद अलीशी हरताना जी लाल शॉर्ट्स घातली होती, तीच घालून ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्या मार खाल्ला. तिन्ही जजांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा हात थेट हनुवटीवर बसला आणि मूरर उठलाच नाही. ही गोष्ट खरी आहे, आणि ती आठवली की माझ्याही अंगावर काटा येतो. दादांनी तिच्यावर प्रेम करावं, पण ती पूर्ण वाचावी.

फोरमन १९७७ मध्ये रिंग सोडून धर्मोपदेशक झाला. पुढची दहा वर्षं त्याच्या डोक्याला ठोसा लागला नाही. १९८७ मध्ये तो परतला तो थेट मोठ्या लढतीसाठी नाही. आधी किरकोळ प्रतिस्पर्धी, मग थोडे बरे, मग त्याहून बरे, असं करत सलग २४ लढती जिंकून तो १९९१ मध्ये तेव्हाचा चॅम्पियन इव्हॅन्डर होलिफिल्डपर्यंत पोचला आणि तिथे गुणांवर हरला. १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडूनही हरला. परतल्यापासून मुकुटापर्यंत सात वर्षं लागली. शिवाय त्याने आपली शैलीच बदलली होती : पायांवर भिस्त नाही, दोन्ही हात आडवे धरून गार्ड, संथ पुढे सरकायचं, जॅबने समोरच्याला रोखायचं आणि एका संधीची वाट बघायची. तुमच्या दादांच्या पुढ्यात आलेल्या प्रस्तावात यातलं काय आहे? मला दिसतं ते एवढंच : मध्ये एकही लढत नाही, थेट दहा फेऱ्या, समोर अर्ध्याहून थोड्याच जास्त वयाचा मुलगा. फोरमनचं वय दादांनी उचललं, बाकीचं तिथेच सोडलं.

युक्रेनचा हेवीवेट चॅम्पियन विताली क्लिच्को याचंही उदाहरण आहे, आणि न्यायाने बोलायचं तर तेही सांगायला हवं. दुखापतींनी बेजार होऊन त्याने २००५ मध्ये निवृत्ती घेतली, २००८ मध्ये बर्लिनला ३७ व्या वर्षी परतला आणि सॅम्युअल पीटरला आठ फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठूच दिलं नाही. नंतर आणखी काही वर्षं तो चॅम्पियन राहिला. पण विताली हा लांबून, उंचीच्या जोरावर लढणारा माणूस. त्याने आयुष्यात मार फार थोडा खाल्ला होता. तुमचे दादा कसे लढायचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते समोरच्याच्या छातीला छाती लावून, दोन खाऊन तीन देणारे असतील, तर वितालीचा हिशेब त्यांना लागू नाही. चॅम्पियनचं खरं वय जन्मतारखेवरून कळत नाही, खाल्लेल्या ठोशांवरून कळतं. त्यात जिममधल्या स्पारिंगचे ठोसे धरा, तेच जास्त असतात आणि ते कुणी मोजलेले नसतात. तुम्ही मात्र तिथे होतात.

परतलेल्या चॅम्पियनांचा बाकी इतिहास फार निर्दय आहे. जिम जेफ्रीज सहा वर्षांनी परतला, त्यासाठी सुमारे ४५ किलो उतरवले आणि १९१० मध्ये रीनोला जॅक जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीपर्यंत झोडपला. जो लुईला कराची थकबाकी फेडायची होती. १९५१ मध्ये, तो ३७ वर्षांचा असताना, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांतून बाहेर फेकलं. लॅरी होम्स १९८८ मध्ये, ३८ व्या वर्षी टायसनसमोर गेला आणि चौथ्या फेरीत संपला.

पण तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर येत राहिला तो अली. २ ऑक्टोबर १९८०, पुन्हा लास व्हेगास, समोर हाच लॅरी होम्स, एकेकाळचा अलीचा स्पारिंग पार्टनर. अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं लढला नव्हता. त्याने भराभर वजन उतरवलं, केस काळे केले, आणि लढतीच्या आधी तो इतका देखणा दिसत होता की जुने जाणते पत्रकारही भुलले. आत काय चाललं होतं? वजन उतरवण्यासाठी तो थायरॉइडच्या गोळ्या घेत होता. अंगातलं पाणी आणि ताकद दोन्ही गेलेली. लढतीपूर्वी एका नामांकित रुग्णालयात त्याची तपासणी झाली होती. बोट नाकाला लावताना नेम किंचित चुकतो, एका पायावर उडी मारताना अपेक्षेइतकी चपळाई दिसत नाही, अशा नोंदी त्या अहवालात होत्या. तरीही लढायला हरकत नाही असाच निष्कर्ष निघाला आणि परवाना मिळाला. दहा फेऱ्यांत अलीला एकही फेरी जिंकता आली नाही. होम्स मारता मारता रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. लढत संपल्यावर तो रडला. पुढच्या वर्षी अली बहामाजमध्ये पुन्हा लढला, पुन्हा हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

तुमच्या दादांनीही १४ किलो उतरवलेत. हेवीवेट गटाला वरची मर्यादाच नसते, म्हणजे वजनकाट्यासाठी यातलं काहीच सक्तीचं नव्हतं. व्यायामाने आणि सावकाश उतरलं असेल तर उत्तम. दोन महिन्यांतच उतरलं असेल तर कशाने, हे डॉक्टरांसमोर आलं पाहिजे. कुठल्या गोळ्या, कसलं पाणी तोडणं, सगळं.

अलीच्या गोतावळ्यात एक माणूस वेगळा वागला. डॉक्टर फर्डी पाचेको, वर्षानुवर्षं त्याच्या कॉर्नरमध्ये. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी लढत झाल्यावर अलीची मूत्रपिंडं बिघडत चालल्याचा अहवाल त्याच्या हाती आला. त्याने त्याच्या प्रती अलीला, त्याच्या पत्नीला आणि सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवल्या. कुणाचंच उत्तर आलं नाही. पाचेको कॉर्नर सोडून निघून गेला. त्याच्या जाण्याने अली थांबला नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण अलीला कुणी सांगितलंच नव्हतं असं कुणालाही म्हणता येत नाही. बाकीचे बरेच जण त्या काळात आपापल्या परीने पॅड पुढे नेत होते.

एकच किस्सा दोनदा सांगण्याबद्दल घाई करू नका. तेवढ्यावरून निदान होत नाही. झोप पुरी न होणं, झपाट्याने उतरलेलं वजन, रक्तदाब, मनाची उदासी, कशानेही माणूस विसरतो. पण ते झटकूनही टाकू नका. ठोसे खाऊन खाऊन मेंदूचं काय होतं, यावर हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलंय. लक्षणं बहुधा वर्षांनंतर उगवतात, हळूहळू, आणि पहिल्यांदा घरच्यांना दिसतात : बोलताना शब्द जड होणं, चालीत फरक, चिडचिड, विसर. या आजाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे एमआरआय स्वच्छ आला तरी 'डोकं ठणठणीत' असं सर्टिफिकेट हाती आलं असं समजायचं नाही. वयाचा आणखी एक धोका वेगळाच आहे. वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. डोकं गर्रकन फिरवणाऱ्या ठोशाने त्या तुटल्या की आत रक्त साचतं. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आतला हेलकावा थांबत नाही.

म्हणून एक काम आजच सुरू करा. वहीत लिहा. कोणत्या दिवशी काय विसरले, स्पारिंगमध्ये किती आणि कुठे लागलं, त्या रात्री डोकं दुखलं का, झोप लागली का. मग वहिनींना घेऊन, दादांना घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. प्रमोटरने सुचवलेला डॉक्टर नको, ज्याची फी तुम्ही देता असाच हवा. एमआरआय होईलच, पण स्मरणशक्ती, लक्ष आणि प्रतिसादाचा वेग मोजणाऱ्या सविस्तर चाचण्याही मागून घ्या. डोळ्यांचा पडदा तपासा, हृदयाची ताणचाचणी करा. आणि ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तुमचे दादा आयुष्यभर दुखणं लपवायला शिकलेत, तपासणीच्या खोलीतही ते लपवतीलच.

'परवाना मिळाला म्हणजे सगळं ठीक आहे' असं प्रमोटर म्हणेल. इव्हॅन्डर होलिफिल्डला न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने २००४ मध्येच घसरलेल्या कामगिरीमुळे निलंबित केलं होतं. २०२१ मध्ये, ५८ व्या वर्षी त्याला पुन्हा उतरवायचं ठरलं. कॅलिफोर्नियात मान्यता मिळेना, म्हणून लढत फ्लोरिडाला हलवली, आणि पहिल्याच फेरीत ती थांबवावी लागली. जेरी क्वारी तर चॅम्पियनही नव्हता, अली आणि फ्रेझरशी लढलेला शूर गडी. १९९२ मध्ये त्याची स्मरणशक्ती ढासळलेली असताना तो कोलोराडोत जाऊन लढला, कारण तिथे परवानाच लागत नव्हता. १९९९ मध्ये तो ५३ व्या वर्षी गेला. शेवटच्या वर्षांत त्याला स्वतःला कपडे घालता येत नव्हते, खायला भरवावं लागायचं. हे लिहिताना माझा हात थरथरतोय, पण तुम्ही वाचावं म्हणूनच लिहितेय.

आता बोलण्याबद्दल. वयावरून सुरुवात करू नका. 'दादा, आता वय झालं' हे वाक्य चॅम्पियनच्या कानावर पडलं की तो शड्डू ठोकूनच उभा राहणार. वहिनींच्या समोरही नको, जिममधल्या पोरांच्या समोर तर मुळीच नको. सरावानंतर तुम्ही त्यांच्या हातांवरच्या पट्ट्या सोडवता ना? तेव्हा बोला. माणूस घामेजलेला, दमलेला, हात तुमच्या हातात. आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करा : 'दादा, दोन महिने मी तुझ्याशी खोटं वागतोय. पॅड पुढे आणत होतो. तुला बरं वाटावं म्हणून. उद्यापासून नाही आणणार. परवाचा तिसरा जॅब मी बघितला, आणि मला भीती वाटली.' एवढंच. मग गप्प बसा. ते चिडतील. कदाचित काही दिवस बोलणार नाहीत. माझे वडील महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

स्पारिंगच्या पोरांनाही बाजूला घेऊन विचारा, त्यांना कुणी हात आखडायला सांगितलंय का. बहुधा कुणी सांगितलेलं नसतं, आदरापोटी ते आपोआपच करतात. म्हणजे तो तिसरा जॅबही कदाचित अर्ध्या जोराचाच होता.

'घर खायला उठतं' हे दादांचं वाक्य मला त्या फोरमनच्या दाखल्यापेक्षा जास्त खरं वाटतं. सकाळी साडेचारला उठायचं कारण गेलं. दोरीच्या उड्या मोजणारं कुणी राहिलं नाही. खोलीत पाऊल टाकताच गप्प होणारी माणसं गेली. पाच वर्षं या पोकळीत बसलेल्या माणसाकडे प्रमोटर येतो आणि म्हणतो, तुम्ही आम्हाला हवे आहात. लढत हा त्यावर मिळालेला एक पर्याय आहे, आणि दादांना तो एकच दिसतोय, कारण दुसरा कुणी घेऊनच आला नाही. त्यांना विचारा, लढतीची रात्र आठवते की त्याआधीचे तीन महिने? मी जे बॉक्सर पाहिले, ऐकले, त्यांतले बरेच जण सरावाचे दिवसच जास्त आठवतात. तसं असेल तर पहाटेचा सराव त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्यांनी रोज यावं, बॅग मारावी, धावावं, आणि त्या नवख्या पोराला जॅबनंतर डोकं कसं हलवायचं ते शिकवावं. डोक्याला ठोसे लागणार नाहीत, एवढीच अट. 'प्रदर्शनी लढत' या नावाने कुणी गोड प्रस्ताव आणला तरी हीच अट. टायसन ५८ व्या वर्षी यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलशी लढला, ती तर अधिकृत लढत होती, तेव्हा फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या केल्या होत्या, ग्लोव्हज जाड होते, आणि तरीही दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याचे पाय उचलत नव्हते.

तुमचा शेवटचा प्रश्न, कॉर्नरचा. तुम्ही जे लिहिलंत त्यावरून माझं मत स्पष्ट आहे : ही लढत त्यांनी करू नये. मेंदूविकारतज्ज्ञ 'नको' म्हणाले आणि तरी दादा निघाले, तर तुम्ही तिथे उभे राहू नका. भाड्याचा माणूस उभा राहील ही भीती खरी आहे, पण तुम्ही कॉर्नरला असलात की घरातल्यांना, आयोगाला आणि सगळ्यात जास्त दादांना वाटणार, धाकटा आहे म्हणजे काळजी नाही. तो दिलासा देऊ नका.

आणि डॉक्टरांनी सगळं बघून हरकत घेतली नाही, दादा आधी छोट्या लढती करायला तयार झाले, तर? मग उभे राहा, पण मुख्य सेकंड, म्हणजे कॉर्नरचा प्रमुख म्हणून. पाणी आणि स्टूल देणारा म्हणून नाही. लढत थांबवायचा अधिकार तुमचा, हे दादांनी प्रमोटरच्या समोर मान्य केलं पाहिजे, आणि लढतीआधी रेफरीला ते तुम्ही स्वतः सांगितलं पाहिजे. कुठल्या क्षणी थांबवणार हेही आधीच ठरवा. स्टुलावर बसल्यावर साध्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला तर. उजवा हात परत हनुवटीशी येईनासा झाला तर. तेव्हा त्यांना विचारायचं नाही. ते 'अजून एक फेरी' असंच म्हणणार. १९७५ मध्ये मनिलात अलीविरुद्ध चौदाव्या फेरीनंतर जो फ्रेझरही तेच म्हणत होता. त्याचा एक डोळा मिटला होता, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं. त्याचा ट्रेनर एडी फुचने त्याचं ऐकलं नाही, लढत थांबवली. पुढे पाच वर्षांनी होम्सविरुद्ध ट्रेनर अँजेलो डंडीने अलीला थांबवलं, तेव्हा कॉर्नरमधलाच एक जवळचा माणूस त्याला ओढत होता, आणखी एक फेरी दे म्हणून. डंडीने ठणकावून सांगितलं की मुख्य सेकंड मी आहे. फोरमनच्या त्या १९९४ च्या रात्री त्याच्या कॉर्नरमध्येही हाच डंडी होता, हे दादांना नक्की सांगा.

वहिनींना एवढा निरोप द्या, की 'तुमचं ऐकतील ते' म्हणून सगळं ओझं भाऊजींवर टाकू नका. तपासणीला त्यांनी सोबत यायचं, आणि वहीतली अर्धी पानं त्यांनी लिहायची. रात्रीचं दादा तुम्हाला दिसत नाहीत, त्यांना दिसतात.

उद्या सकाळी पॅड हाताला बांधलेत की कोपर बरगडीला टेकवून ठेवा, म्हणजे सवयीने हात पुढे जाणार नाही. पहिल्या काही ठोशांचा आवाज बोथट येईल. दादा थांबून तुमच्याकडे बघतील. तेव्हा नजर खाली घालू नका.

तपासणी झाली की मला कळवा. मी वाट बघतेय.